मी गेले, तर वॉर्डात कोण?

(पत्रलेखिकेचे नाव आणि गाव गुप्त ठेवले आहे. पत्र बरेच मोठे असल्याने येथे त्याचा सारांश देत आहोत.)

यवतमाळ जिल्ह्यातील एका आदिवासीबहुल तालुक्यात राहणाऱ्या 27 वर्षांच्या परिचारिकेचे हे पत्र आहे. शासकीय संस्थेतून जीएनएमचा (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र पदविकेचा) तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेली चार वर्षे त्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी अधिपरिचारिका म्हणून महिना 20,000 रुपये मानधनावर काम करतात. दरवर्षी नवी ऑर्डर हाती पडेपर्यंत नोकरीची शाश्वती नसते. रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद रिक्त आहे आणि अवघड बाळंतपणे यवतमाळला रेफर करावी लागतात. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण आले की ड्युटी नसतानाही नव्या सिस्टर त्यांना क्वार्टरवरून बोलावून नेतात. त्यांच्या बॅचच्या काही मुली नागपुरात खासगी रुग्णालयांत याहूनही कमी पगारावर राबतात, तर काहींनी लग्नानंतर हे काम सोडून दिले आहे. घरी पाच एकर कोरडवाहू शेती, थकलेले पीककर्ज आणि पॉलिटेक्निकला शिकणारा भाऊ आहे. ड्युटी सांभाळून त्या जर्मन भाषेची बी-1 ही मधल्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या असून तिच्या पुढच्या बी-2 ची तयारी चालू आहे. जर्मनीत नोकरी लावून देतो असे सांगून एका एजंटाने त्यांच्याकडे साडेतीन लाख रुपये मागितले आहेत.

वडील म्हणतात, "सरकारनं शिकोलं तुले, अन् आता तू गोऱ्याइची सेवा कराले चालली." शिकलेली माणसे अशी निघून जातात म्हणूनच देश मागे राहतो, असे रुग्णालयातील वरिष्ठ डॉक्टरांनीही ऐकवले. त्या विचारतात: "मी गेले तर देशाचे नुकसान करणारी ठरेन का? पाच वर्षांत मी परत येणारच आहे, तोवर घरी पैसे पाठवीन. एवढ्याने माझे ऋण फिटणार नाही का?"

ताई,

तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. शिकलेले मनुष्यबळ निघून गेल्याने गरीब देशांचे नुकसान होते, हे मान्य करायलाच हवे. मात्र ते नुकसान कोणाचे, कोठे आणि कशामुळे होते, हे पाहिल्याशिवाय त्याचा सगळा भार एका कंत्राटी परिचारिकेच्या डोक्यावर ठेवणे न्यायाचे नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाकडे मी थोडी लांबून येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात सुमारे 2 कोटी 98 लाख परिचारिका आहेत आणि तरीही 58 लाखांची तूट आहे. श्रीमंत देशांत वृद्धांची संख्या वाढली, त्या मानाने या पेशात येणारी तरुण माणसे वाढली नाहीत, आणि पुरेशा परिचारिका स्वतः घडवण्यापेक्षा दुसऱ्याने घडवलेल्या आणणे तेथील सरकारांना सोयीचे वाटले. आज त्या देशांतील जवळपास चौथा हिस्सा परिचारिका परदेशात जन्मलेल्या आहेत. जर्मनीने 2024 मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा 20,000 वरून 90,000 वर नेली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तेव्हा तुम्हाला शिकवणारे सरकारच आता तुमच्यासारख्यांना पाठवण्याची सोय करते आहे, हे वडिलांना सांगायला हरकत नाही. वाद घालण्यासाठी सांगू नका. त्यांच्या मनातील फितुरीचा सल तेवढा कमी व्हावा.

आता नुकसानीकडे येऊ. 1970 च्या दशकात अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी अशी सूचना केली होती की, गरीब देशांतून श्रीमंत देशांत गेलेल्या उच्चशिक्षितांच्या तेथील मिळकतीवर जादा कर बसवावा आणि तो पैसा विकसनशील देशांकडे वळवावा. वडिलांच्या वाक्यामागे हाच विचार आहे: ज्याने पेरले त्याच्या पदरात काही तरी पडावे. याउलट नंतरच्या काही अभ्यासकांनी दाखवले की, बाहेर जाण्याची वाट मोकळी असली की मुळात शिकणारेच वाढतात. अमेरिकेने 2000 नंतरची काही वर्षे परिचारिकांना सढळ हाताने प्रवेश दिला, तेव्हा फिलिपिन्समधून जितक्या गेल्या त्याहून कितीतरी अधिक मुली तेथे नव्याने परिचर्या शिकून परवानाधारक झाल्या. केरळमध्येही घरोघरी मुली नर्सिंगला जाऊ लागल्या, त्यामागे परदेशातील नोकरीची आशा होतीच. मला हा दुसरा पक्ष पटतो, पण पुरता पटत नाही, कारण त्यात माणसे नुसती मोजली जातात. जाते ती चार-सहा वर्षे वॉर्डात मुरलेली सिस्टर असते आणि तिच्या जागी येते ती कालची विद्यार्थिनी. संख्या भरून निघते, पण नवीला हाताशी धरून शिकवणारी मात्र निघून गेलेली असते.

शिवाय देश लहान की मोठा, यानेही फरक पडतो. आरोग्य कर्मचाऱ्यांची टंचाई असलेल्या ज्या देशांतून सक्रिय भरती करू नये, अशा 55 देशांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रसिद्ध केली. तीत बहुसंख्य देश आफ्रिकेतील आहेत. आपले शेजारी नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तानही आहेत, पण भारत नाही. देशाच्या सरासरीने पाहता तुमच्या जाण्याने भारताची आरोग्यव्यवस्था कोसळत नाही, असा त्याचा अर्थ. अर्थात त्या सरासरीत मुंबईही येते आणि तुमचा तालुकाही येतो, त्यामुळे तुमच्या वॉर्डाबद्दल ती काहीच सांगत नाही.

वॉर्डापुरते बोलायचे तर तुमच्या डॉक्टरांना एक प्रतिप्रश्न विचारावासा वाटतो. देशभरातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांची तूट गरजेच्या सुमारे 80 टक्के असल्याचे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. हे सगळे तज्ज्ञ काही लंडनला गेलेले नाहीत. तुमच्या रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाची खुर्ची का रिकामी आहे, याचा शोध खासगी रुग्णालयांनी गजबजलेल्या नागपूरच्या धंतोलीत आणि रामदासपेठेत घेतला तर उत्तर अधिक लवकर सापडेल. खेड्यातून शहराकडे होणाऱ्या या गळतीला पासपोर्ट लागत नाही, म्हणून तिला कोणी देशद्रोह म्हणत नाही. तुमच्या बॅचच्या ज्या मुली घरी बसल्या, त्या तर भारतातच आहेत. तरीही तुमच्या तालुक्याच्या दृष्टीने त्या गेल्यातच जमा आहेत. एकीकडे रुग्णालयात हात कमी आणि दुसरीकडे शिकलेले हात रिकामे, ही अवस्था परदेशाने आणलेली नाही. ती वर्षावर्षाच्या ऑर्डरींनी आणि तुटपुंज्या मानधनाने आणली आहे. सेवेत कायम करावे आणि मानधन वाढवावे, या मागण्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये राज्यभर काम बंद ठेवले होते.

एक बाजू मात्र तुम्हाला सांगितलीच पाहिजे. लिहू-बोलू शकणारी, हक्काने मागणी करू शकणारी माणसे जेव्हा एकेक करून निघून जातात, तेव्हा मागे राहिलेल्यांचा आवाज बारीक होतो आणि सरकारवरचा दाबही तेवढा उतरतो. मनुष्यबळाच्या स्थलांतराचा हा परिणाम आकडेवारीत कधी दिसत नाही, पण माझ्या मते सर्वांत दूरवर पोहोचणारा तोच आहे.

आता जरा जवळून पाहू. 2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. असा रुग्ण आला की ॲट्रोपिन हे विषावरचे औषध सुरू करायचे, हे पुस्तकात असते. पण छातीतील घरघर कमी झाली का, नाडी कोठवर चढली, घामाने भिजलेले अंग कोरडे पडू लागले का, हे दर काही मिनिटांनी पाहत राहायचे. रुग्ण बरळू लागला, अंग तापले, तर औषध जास्त झाल्याची शंका घेऊन ताबडतोब डॉक्टरांना उठवायचे. आणि एकदा सावरलेला रुग्णही पुन्हा घसरू शकतो म्हणून नातेवाईक घरी नेण्याची घाई करत असताना त्याला थांबवून धरायचे, ही नजर चार हंगाम काढल्यावर येते. कोलाम आदिवासींच्या पोडावरून (वस्तीवरून) आलेले मूल हातपाय दुखतात म्हणून रडते, तेव्हा ते केवळ तापाने रडत नसून हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा झटका असू शकतो, हे त्याच्या आईशी दोन शब्द बोलून ओळखणे हीसुद्धा तीच नजर. जर्मनीतील रुग्णालयाला ही विद्या नको आहे. तेथे तुम्हाला वृद्धांची शुश्रूषा करावी लागेल, प्रत्येक गोष्टीची जर्मन भाषेत काटेकोर नोंद ठेवावी लागेल, आणि तुमच्या पदविकेला तेथील मान्यता मिळेपर्यंत बहुधा मदतनीस म्हणूनच काम करावे लागेल. त्यांना दोन कुशल हात मिळतील. तुमचा तालुका मात्र हातांबरोबर ही नजरही गमावेल, आणि ती कोणत्याही भरतीच्या जाहिरातीने परत मिळत नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, 'देशाचे नुकसान' हे माप बाजूला ठेवा. ते इतके मोठे आहे की माणूस एक तर त्याखाली दबून जातो, नाही तर झटकून मोकळा होतो. तुमच्या रात्रपाळीचे माप घ्या: मी गेल्यावर ऑगस्टमधील एखाद्या रात्री विषबाधेचे दोन रुग्ण एकदम आले, तर माझ्या जागी कोण उभी असेल आणि तिला काय येत असेल? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी तुमच्या हातात आहे. देशाच्या प्रश्नाचे नाही.

वडिलांच्या ऋणाच्या मुद्द्यालाही हेच माप लावा. शासकीय संस्थेत तुमच्या शिक्षणावर जनतेचा पैसा खर्च झाला, हे खरे. पण शिकत असतानाही तुम्ही शासकीय वॉर्डांत पाळ्या केल्याच आणि त्यानंतरची चार वर्षे नियमित पदावरील परिचारिकेचेच काम तिच्या निम्म्याहून कमी मोबदल्यात केले. ऋण असेल तर त्याचे बरेच हप्ते तुम्ही भरले आहेत. पैसे पाठवून उरलेले फिटेल, हे तुमचे गृहीतक मात्र मला तितकेसे पटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वाधिक, 20.5 टक्के होता, केरळपेक्षाही थोडा जास्त. तरीही तेवढ्याने आपल्या ग्रामीण रुग्णालयांतील रिक्त पदे भरली गेली नाहीत, आणि जाणार तरी कशी? तो पैसा घराघरांत जातो. तुमचा पैसा थकलेले कर्ज फेडील, भावाचे शिक्षण पुरे करील, वडिलांना सावकाराच्या दारात जाऊ देणार नाही, आणि विदर्भात तरी असल्या पैशाला कोणी हलके लेखू नये. पण तो घरासाठी आहे, वॉर्डासाठी नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवलेत तर अपराधी भावनेपोटी जास्त पैसे पाठवून तेथे स्वतः हालात राहण्याची पाळी येणार नाही.

'पाच वर्षांत परत येणारच' या वाक्यावरही थोडे थांबा. जाणारे बहुतेक जण हे वाक्य मनापासूनच म्हणतात. परंतु तेथील कायदा आता कुशल कामगारांना साधारण तीन वर्षांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागू देतो, म्हणजे राहण्याची वाट दरवर्षी सोपी होत जाते. इकडे तुम्ही कंत्राटी असल्याने तुमची जागा कोणी राखून ठेवणार नाही, आणि राज्य शासनाच्या नियमित भरतीला खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गासाठी 43 वर्षांची सर्वसाधारण वयोमर्यादा आहे. मधल्या काळात लग्न होईल, मुलांच्या शाळा सुरू होतील. परत येण्याचे वचन स्वतःला देऊ नका, म्हणजे ते मोडल्याचे दुःखही होणार नाही. त्याऐवजी परतीची वाट उघडी कशी राहील, एवढेच पाहा.

गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांचे नाव अशा वेळी कोणी तरी घेतेच, म्हणून आधीच सांगून टाकते. ते दोघे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले, 1986 मध्ये त्यांनी 'सर्च' ही संस्था उभारली, आणि गावातील स्त्रियांनाच नवजात बाळांच्या काळजीचे शिक्षण देऊन बालमृत्यू कसे कमी होतात, हे 1999 मध्ये जगापुढे मांडले. पुढे तीच पद्धत देशभरातील आशांच्या कामात आली. हे उदाहरण देऊन तुम्हाला लाजवावे, असे मला मुळीच वाटत नाही. ध्येयवेड्या माणसांच्या भरवशावर कोणत्याही देशाची आरोग्यव्यवस्था चालत नाही, आणि 20,000 रुपयांत घर चालवणाऱ्या मुलीकडून त्यागाची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या पगाराची पावती दाखवावी. मला त्यातील वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते: कौशल्य गाव सोडून जाणार नाहीत अशा बायकांच्या हाती दिले की ते गावात टिकते.

आता माझे मत. जा, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही, पण या एजंटामार्फत नाही आणि येणाऱ्या फवारणीच्या हंगामाआधीही नाही. बी-2 होईपर्यंत तसेही काही महिने जातील. ते तुमच्या वॉर्डाला द्या. अधीक्षकांची परवानगी घेऊन विषबाधेच्या रुग्णावर काय-काय पाहायचे आणि डॉक्टरांना केव्हा उठवायचे, हे स्वच्छ मराठीत एका मोठ्या कागदावर लिहा, डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि ड्युटी रूमच्या भिंतीवर लावा. हंगामात बोलावणे आले की पूर्वीसारखे स्वतः सगळे उरकू नका; नव्या सिस्टरला पुढे करून तुम्ही तिच्या मागे उभ्या राहा. तालुक्यातील आशांच्या मासिक बैठकीत अर्धा तास मागून घ्या आणि फवारणीनंतर उलट्या, घाम, धूसर दिसणे यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता 108 ला फोन करायचा, हे त्यांच्या मनावर ठसवा. दोन सिस्टर जरी तयार झाल्या, तरी तुमच्या डॉक्टरांच्या बोलण्यातला काटा बराच बोथट होईल.

राहावेसे वाटले तर तोही पळपुटा निर्णय नाही. अधिपरिचारिकांच्या नियमित सरळसेवा भरतीची परीक्षा द्या. तुमचे वय हाताशी आहे. बाळंतपणाच्या कामात गोडी असेल तर केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुरू झालेल्या प्रसविका परिचारिकांच्या 18 महिन्यांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा; स्त्रीरोगतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी अशा परिचारिकेचे मोल फार आहे. फक्त अपराधीपणाने राहू नका. तसे राहिलेले माणूस दोन वर्षांनी रुग्णांवर खेकसू लागते.

एजंटाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे, आणि हे परिचारिकांप्रमाणेच आखाती देशांत जाणाऱ्या वेल्डर-इलेक्ट्रिशियन मुलांनीही वाचावे. भारतात परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. साडेतीन लाख मागणाऱ्याचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीत आहे का, ते पाहा. नसेल तर विषय तेथेच संपवा. जर्मन सरकारने परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी एक गुणवत्ता-मुद्रा ठेवली आहे आणि ती मिळालेल्या संस्थांना परिचारिकेकडून भरतीचा खर्च घेता येत नाही. तो मालकाने करायचा असतो. म्हणजे जे काम मालकाच्या खर्चाने होऊ शकते, त्यासाठी वडील शेत गहाण टाकायला निघाले आहेत का, हे आधी विचारा. करारनामा जर्मन आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, दोन्हींत मागा. मान्यता मिळेपर्यंतचा पगार किती, मान्यतेची परीक्षा हुकल्यास काय, आणि ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल, ही तीन कलमे स्वतः वाचा. करारावरील पगारातून कर आणि विम्यापोटी ढोबळमानाने एक तृतीयांश कापला जातो आणि घरभाडे त्यानंतर येते. घरी किती पाठवणार, याचा आकडा वडिलांना सांगण्यापूर्वी ही वजाबाकी कागदावर करा, आणि ती त्यांच्या समोर बसून करा.

बी-2 चे प्रमाणपत्र पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनासारख्या मान्य परीक्षाकेंद्राचेच घ्या. 'परीक्षा न देता काढून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, कारण पकडले गेल्यास व्हिसा तर जाईलच, शिवाय पुन्हा अर्ज करणेही अवघड होऊन बसेल. जीएनएमची मूळ गुणपत्रके आणि नोंदणी प्रमाणपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नका. साक्षांकित प्रती द्या. चार वर्षांच्या कामाचा अनुभव दाखला अधीक्षकांच्या सही-शिक्क्यासह आत्ताच मागून ठेवा, कारण अधीक्षक बदलून गेले की तो मिळवताना नाकी नऊ येतात. आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील तुमच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. जाण्यापूर्वी पुढची तारीख पाहून ती भावाच्या वहीत लिहून ठेवा आणि तुम्ही कोठेही असलात तरी ती चुकू देऊ नका.